'बेन टेन'चं गाणं बनवणाऱ्या माणसाचा हा अल्बम चुकीच्या वर्षी आला आणि मागे पडला

शाळेतून आलं की दप्तर कोपऱ्यात टाकायचं आणि कार्टून नेटवर्क लावायचं. 'बेन टेन' सुरू होताना वाजणारं गाणं आजही अनेकांना पाठ असेल. 'टीन टायटन्स'चंही असेल. ही दोन्ही गाणी बनवणारा माणूस एकच, अँडी स्टर्मर.

पण या माणसाचं खरं काम त्याआधीचं आहे आणि ते फारसं कुणी ऐकलेलं नाही.

स्टर्मर सॅन फ्रान्सिस्कोच्या 'जेलीफिश' नावाच्या बँडमध्ये होता. ड्रमर सहसा सगळ्यांच्या मागे बसतो. हा गडी मात्र पुढे उभा राहून ड्रम वाजवायचा आणि गायचाही. त्याच्या जोडीला कीबोर्डवर रॉजर मॅनिंग. १९९० मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला आणि १९९३ मध्ये दुसरा, 'स्पिल्ट मिल्क'.

आता १९९३ म्हणजे काय, तर निर्वाणा आणि पर्ल जॅमचा काळ. फाटक्या जीन्स, खरखरीत गिटार, घसा फाडून गाणं. जितकं ओबडधोबड तितकं अस्सल, असा माहोल होता. त्यात हे लोक बीटल्स, बीच बॉइज आणि क्वीन यांच्या वळणाचं घोटीव संगीत घेऊन आले. स्टुडिओत कित्येक महिने घालवून, आवाजावर आवाज चढवून केलेलं काम. ब्रिटनमध्ये अल्बम २१ व्या नंबरपर्यंत गेला, पण घरच्या अमेरिकेत पहिल्या शंभरातही आला नाही. १९९४ मध्ये बँडच फुटला.

मग आज तो ऐकायचा कसा? एक तर हेडफोन लावून आणि शफल बंद करून.

कारण पहिलं गाणं 'हश' ही चक्क अंगाई आहे. आवाजांचे थर एकमेकांवर अलगद बसत जातात, ऐकणारा निवांत होतो आणि तेवढ्यात 'जॉइनिंग अ फॅन क्लब' धाडकन अंगावर येतं. हा धक्का शफलवर मिळत नाही. पुढे 'ऑल इज फरगिव्हन'मध्ये गिटारचा नुसता गोंगाट आणि त्याला लागूनच 'रशियन हिल', एकदम शांत. गाण्यांचा क्रम लावण्यातच अर्धी गंमत आहे.

'द घोस्ट ॲट नंबर वन' तर दोनदा ऐका. कलाकार मेल्यावर त्याच्या नावावर धंदा करणाऱ्यांची ही टिंगल आहे, पण चाल इतकी गोड की पहिल्यांदा ते लक्षातच येत नाही. मधल्या भागात बीच बॉइजची सावली स्पष्ट दिसते.

ही नक्कल आहे का? काही ठिकाणी, हो. शेवटाकडे साखर जरा जास्त होते हेही मान्य. पण जुन्या लोकांकडून उचललेला आवाज आणि त्याखालचे बोचरे शब्द, हे मिश्रण यांचं स्वतःचं आहे.

तिसरा अल्बम काही आला नाही. मॅनिंग पुढे बेकसोबत कीबोर्ड वाजवू लागला. स्टर्मर जपानच्या 'पफी' या दोन गायिकांच्या जोडीसाठी गाणी करू लागला. याच जोडीनं २००३ मध्ये 'टीन टायटन्स'चं गाणं गायलं आणि दोन वर्षांनी 'बेन टेन' आलं.