चार फुटांवरचा चेंडू

कन्हानच्या काठी 1821 साली वसलेल्या आणि आज ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे प्रशिक्षण केंद्र असलेल्या कामठीच्या छावणीत नवा रंगरूट कवाईत शिकतो ती ‘गिनती से’, म्हणजे प्रत्येक हालचालीचे तुकडे पाडून, ‘एक-दो-तीन-एक’ असे मोठ्याने मोजत; ती गणती ओठांवरून उतरून अंगात मुरली, की उस्तादांचे काम झाले.

अशी मुरलेली गणती पुन्हा ओठांवर आणली तर काय होते, याचा तपास मानसशास्त्रज्ञांनी गोल्फच्या हिरवळीवर केला. छिद्र 108 मिलिमीटर रुंद, चेंडू स्थिर, प्रतिस्पर्ध्याचा अडथळा नाही. तेव्हा चार फुटांवरून चेंडू चुकला तर दोष मनाखेरीज कोणाच्या माथी मारावा? (वाऱ्याची सबब सांगणारे खेळाडू आहेत, पण ते सोडून देऊ.) सिअन बायलॉक व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निष्णात खेळाडूंना आपल्या फटक्यावर लक्ष ठेवून तो संपताच ‘थांब’ म्हणण्यास सांगितले, तेव्हा त्यांचा नेम बिघडला, उलट लक्ष दुसऱ्याच कामात गुंतवले असता तो उत्तम राहिला. नवशिक्यांच्या बाबतीत मात्र सारे विपरीत घडले.

1996 साली ऑगस्टा येथील गोल्फ स्पर्धेत ग्रेग नॉर्मन सहा फटक्यांची आघाडी गमावून निक फाल्डोकडून पाच फटक्यांनी हरला, तेव्हा पुष्कळांनी त्याच्या धैर्याचीच झडती घेतली. माझ्या मते अशा झडतीत हाती काही लागत नाही, कारण दडपणाखाली माणूस भित्रा होतो त्यापेक्षा अधिक वेळा फाजील दक्ष होतो, आणि मनगट कोठे वळते याची चौकशी ऐन फटक्याच्या क्षणी सुरू करतो.

मग उस्तादाने शिकवावे तरी कसे? रिच मास्टर्स यांनी 1992 साली काही शागीर्दांना सूचनांविना, तोंडाने यदृच्छ अक्षरे उच्चारत चारशे फटके मारावयास लावले. पुढे बक्षिसाची रक्कम आणि परीक्षकाची नजर यांचे दडपण आणले, तरी त्यांचा हात ढासळला नाही, कारण आठवण्याजोगे नियम त्यांच्यापाशी फारसे नव्हतेच. जोन विकर्स यांनी ओळखलेला दुसरा मार्ग डोळ्यांचा: कुशल खेळाडूची दृष्टी फटक्यापूर्वी चेंडूवर सुमारे दोन सेकंद अढळ राहते. ही स्थिर दृष्टी शिकवलेल्या निष्णात खेळाडूंचे, 2011 च्या इंग्लंडमधील एका अभ्यासात, प्रत्यक्ष स्पर्धेत फेरीमागे हिरवळीवरचे सुमारे दोन फटके वाचले.