सुभद्राकुमारी चौहान : नर्मदाकाठच्या सत्याग्रही

लक्ष्मीबाई या मराठी घराण्यातील राणीला हिंदी प्रदेशात घरोघरी पोचवणारी ‘झाँसी की रानी’ ही कविता ज्यांनी लिहिली, त्या सुभद्राकुमारी चौहान यांनी स्वतः मात्र निःशस्त्र लढा स्वीकारला होता, आणि राणीच्या तलवारीचे तेज त्या कवितेत इतके प्रखर उतरले आहे की कवयित्रीचा हा सत्याग्रही पिंड वाचकांच्या नजरेआड राहून गेला.

अलाहाबादजवळील निहालपूर येथे १६ ऑगस्ट १९०४ रोजी जन्मलेल्या सुभद्राकुमारी १९१९ मध्ये खंडव्याच्या ठाकूर लक्ष्मणसिंह चौहान यांच्याशी विवाहबद्ध झाल्या आणि पुढे जबलपुरात स्थायिक होऊन १९२१ मध्ये पतीसह असहकाराच्या, म्हणजे परकीय राजवटीशी सहकार्य थांबवण्याच्या, आंदोलनात उतरल्या.

चौरीचौरा येथील हिंसाचारानंतर गांधीजींनी हे आंदोलन १९२२ च्या फेब्रुवारीत थांबवले व मार्चमध्ये त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. देशभर मरगळ पसरलेली असताना जबलपूर नगरपालिकेने टाउन हॉलवर राष्ट्रीय ध्वज, म्हणजे चरखा असलेले त्या काळचे तिरंगी निशाण, फडकवण्याचे ठरवले. सरकारने मनाई केली, तेव्हा १८ मार्च १९२३ रोजी पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रही मनाई मोडून निघाले व त्यांत सुभद्राकुमारीही होत्या. अन्याय्य हुकूम उघडपणे मोडायचा, मार बसला तरी हात उगारायचा नाही आणि शिक्षा टाळायची नाही, ही सत्याग्रहाची रीत होती. सुंदरलाल यांनी सहा महिन्यांची कैद भोगली. जबलपुरात पेटलेला हा झेंडा सत्याग्रह जमनालाल बजाज यांच्या पुढाकाराने नागपुरात फोफावला, आणि तेथे अटक करवून घेणाऱ्या पहिल्या स्त्री सत्याग्रही म्हणून सुभद्राकुमारींचे नाव घेतले जाते. त्या वेळी त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते, हे विसरता येत नाही.

१९४२ च्या लढ्यातही त्यांनी तुरुंगवास सोसला. तथापि त्यांच्या बंडाची खरी खोली घरात दिसते: कन्या सुधा हिचा प्रेमचंदांचे पुत्र अमृतराय यांच्याशी आंतरजातीय विवाह झाला, तेव्हा माणूस ही दान देण्याची वस्तू नव्हे, असे म्हणून त्यांनी कन्यादानाचा विधी नाकारला. घरातील रूढीपुढेही तितक्याच शांतपणे ठाम राहणारे नेते त्या पिढीत थोडेच झाले.

१२ फेब्रुवारी १९४८ रोजी गांधीजींच्या अस्थींचा एक भाग जबलपूरच्या तिलवारा घाटावर नर्मदेत विसर्जित झाला आणि तीनच दिवसांनी, नागपूरहून परतताना सिवनीजवळ झालेल्या मोटार अपघातात, सुभद्राकुमारींचे निधन झाले. ज्या नगरपालिकेने १९२३ मध्ये ध्वज उभारण्याचे ठरवले होते, तिच्याच आवारात त्यांचा पुतळा उभारण्यात आला, आणि २७ नोव्हेंबर १९४९ रोजी त्यांच्या शाळासोबती महादेवी वर्मा यांनी त्याचे अनावरण केले.