पागोटे, पाठमोरे आणि पापणी लवण्याइतका वेळ

धार आणि देवास ही मराठी वाचकाला पवारांची गावे म्हणून ठाऊक आहेत; देवास तर १९४८ नंतर कुमार गंधर्वांचे म्हणून अधिकच. धारला शिल्पकार र. कृ. फडके यांचा स्टुडिओ होता. मूर्तीत माणसाचा चेहरा उतरवावयाचा म्हणजे महिनोगणतीचे काम. कॅमेऱ्याला पापणी लवते तेवढा वेळ पुरतो. तेवढ्यात दोन पुरुषांमधली जवळीक सापडते काय?

१९२१ साली इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव पवार यांचा खाजगी चिटणीस म्हणून देवासला राहिला. मराठी पागोटे घातलेला त्याचा त्या वेळचा फोटो प्रसिद्ध आहे. पाहणाऱ्यास वाटावे, साहेब हौसेने दरबारी झाला! १९५३ च्या ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात त्याने इथली गोकुळाष्टमी रंगविली, पण एक प्रकरण वगळले. दरबारातील कनय्या नावाच्या न्हाव्याशी त्याचा शरीरसंबंध होता. महाराजांना तो ठाऊक होता आणि त्यांनी चिटणिसास सांभाळून घेतले. फॉर्स्टर १९७० साली वारला. हा मजकूर १९८३ साली छापला गेला. पुढे त्या संबंधात क्रौर्य शिरले, हेही त्याने लिहून ठेवले आहे, म्हणून त्यास प्रेमकथा म्हणून गोंजारणे आम्हांस रुचत नाही. एक साहेब, दुसरा चाकर. पहिल्याजवळ लेखणी, पागोटे आणि फोटो; दुसऱ्याचा चेहरा आपल्यापर्यंत येतो तो पहिल्याच्या शब्दांतून.

तसे पाहिले तर मित्रांनी स्टुडिओत जाऊन खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेणे आपल्याकडे कधीच नवलाचे नव्हते. माळव्यातल्याच नागद्याच्या सुहाग स्टुडिओत सुरेश पंजाबी यांनी टिपलेल्या साध्या गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यांवर ख्रिस्तोफर पिनी यांनी २०१३ साली पुस्तक काढले. अशा जोडफोटोत हात दिसतो, हाताचा अर्थ दिसत नाही. त्या आडोशाला कोणी निभावून नेले असेल. म्हणून प्रत्येक जोडीवर संशयाचा शिक्का मारावयाचा, हा शुद्ध आगाऊपणा होय.

उघडपणे हा विषय हाती घेतला तो सुनील गुप्ता यांनी. जन्म दिल्लीचा, १९५३ चा; कारकीर्द लंडनची. १९८६-८७ साली त्यांनी दिल्लीत ‘एक्झाइल्स’ ही रंगीत छायाचित्रमाला केली. इंडिया गेट, हुमायूनची कबर अशा ओळखीच्या जागी समलिंगी पुरुष उभे वा बसलेले. कोणी पाठमोरे, कोणाचा चेहरा चौकटीबाहेर. खाली त्यांचेच शब्द. स्थळ ओळखता यावे, माणूस ओळखता येऊ नये! कलम ३७७ तेव्हा लागू होते, आणि घरच्यांची भीती तर कलमाहून मोठी. ही चित्रे योजून घेतलेली आहेत, चोरून टिपलेली नव्हेत. समोरच्याने स्वतःला किती दाखवावयाचे, हे इथे त्याच्या हाती राहते. कनय्याला ती सोय नव्हती.

सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्या कलमातून मोकळे केले. त्याच्या कितीतरी आधी गुप्तांनी ‘मिस्टर मल्होत्राज पार्टी’ ही माला सुरू केली होती. दिल्लीतल्या अशा मंडळींच्या मेजवानीसाठी जागा ठरवावयाची ती कोणा खोट्या नावावर. शीर्षक त्यावरून आलेले. नाव खोटे, पण चित्रांतली माणसे दिल्लीच्या रस्त्यांवर उभी राहून सरळ कॅमेऱ्यात पाहतात.