रक्ताची साक्ष

हृदयाची झडप बदलण्याचे यश सर्वस्वी शल्यविशारदाच्या हाती असते, हा समज अर्धाच खरा होय. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाळ संस्थेत विकसित झालेली चित्रा झडप १९९० साली प्रथम रोग्याच्या हृदयात बसविण्यात आली. अशी झडप घेऊन कुंभकोणमजवळील तिरुप्पनंदाळसारख्या गावी परतणाऱ्या रोग्याचे पुढे काय होईल, याची साक्ष त्याचे रक्त देते.

शस्त्रक्रियेपूर्वीच ‘बीएनपी’ हे द्रव्य मोजता येते. १९८८ मध्ये जपानी संशोधकांना ते डुकराच्या मेंदूत आढळले आणि नावात मेंदू कायमचा राहिला. वस्तुतः ते मुख्यत्वे हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून, भिंतींवर ताण पडला म्हणजे, स्रवते. ते फार वाढलेले असल्यास झडप निर्दोष बसूनही थकलेला स्नायू दगा देण्याचा संभव असतो. मात्र वार्धक्य व मूत्रपिंडाचे विकार यांनीही हा आकडा चढतो. म्हणून केवळ त्याच्यावर विसंबणे अनुचित.

धातूच्या किंवा तत्सम कृत्रिम झडपेवर रक्त गोठू नये म्हणून वॉरफॅरिन आजन्म घ्यावे लागते. त्याचे माप म्हणजे ‘आयएनआर’. डाव्या बाजूच्या द्विदल झडपेच्या जागी कृत्रिम झडप असल्यास तो सामान्यतः २.५ ते ३.५ राखतात. तो उतरला तर गुठळी, चढला तर रक्तस्राव. शेवग्याच्या पाल्यासारख्या पालेभाज्यांतील ‘के’ जीवनसत्त्व औषधाचा प्रभाव घटविते. भाजी वर्ज्य करू नये, तिचे प्रमाण मात्र रोज सारखे असावे. आणि तपासणीची तारीख चुकवू नये, मग प्रयोगशाळा कितीही दूर असो.