छतावरचा डाग झाकण्यापूर्वी

पावसाळा सरला की दिवाळीपूर्वी घराला रंग द्यावा, असे आपल्या मनात येते. अशा वेळी ज्येष्ठांच्या खोलीच्या छतावरील तांबूस डाग आधी डोळ्यांत भरतो. रंगारी तो एका दिवसात झाकून देईल. परंतु तो का उमटला, हे आपण विचारले आहे काय?

दिवसाचा बहुतेक वेळ अंथरुणावर काढणाऱ्या व्यक्तीला घरातील इतरांपेक्षा त्या खोलीतील हवा अधिक काळ मिळते. ओलसर छतावर बुरशी वाढते व तिचे सूक्ष्म कण हवेत मिसळतात. ओल आणि बुरशी यांचा खोकला, श्वसनाचे त्रास व दमा यांच्याशी संबंध असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शिकेत नमूद केले आहे. म्हणून डाग झाकण्याआधी ओल थांबवणे आवश्यक आहे.

प्रथम पाणी कोठून येते ते शोधावे. डाग केवळ पावसात वाढत असेल, तर गच्चीची भेग अथवा तुंबलेली पन्हळ तपासावी. बाराही महिने ओला राहत असेल, तर वरच्या मजल्यावरील न्हाणीघर वा नळ तपासावा. गिलावा फुगला असेल, पोकळ आवाज येत असेल किंवा गंजलेली सळई दिसत असेल, तर पलंग त्याखालून तत्काळ हलवावा आणि स्थापत्य अभियंत्यास दाखवावे. पंख्याच्या हुकापाशी ओल असल्यास त्या खोलीचा वीजपुरवठा बंद करून वीजतंत्रज्ञास बोलवावे.

गळती दुरुस्त झाल्यावरही घाई नको. छत पूर्ण वाळू द्यावे. वाळल्याची खात्री करण्यासाठी रंगाऱ्याकडून प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी छतास चिकटवून घ्यावा व एक दिवसाने काढावा. छताकडील बाजूस थेंब दिसल्यास ओल अजून आत आहे, असे समजावे.

बुरशी कोरडी खरवडू नये; कण खोलीभर पसरतात. साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने ती पुसून घ्यावी. जंतुनाशक ब्लीच वापरल्यास ते आम्ल वा अमोनियायुक्त द्रव्यात कदापि मिसळू नये; त्यातून विषारी वायू निर्माण होतो. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून घासकागदही ओला करूनच वापरावा.

यानंतरही साधा डिस्टेंपर थेट डागावर देऊ नये. गिलाव्यातून पाण्याबरोबर आलेली विद्राव्य द्रव्ये तेथे साचलेली असतात. पाण्याचा रंग लागताच ती पुन्हा विरघळून नव्या थरातून वर येतात. म्हणून पोपडे काढून लांबी भरावी, डाग रोखणारा तेलाधारित किंवा लाखेचा प्रायमर द्यावा, तो वाळल्यावर रंग चढवावा.

या प्रायमरचा वास उग्र असतो. काम चालू असताना व वास ओसरेपर्यंत आजोबा-आजींची झोपण्याची सोय दुसऱ्या खोलीत करावी, खिडक्या उघड्या ठेवाव्यात. दम्याचे औषध हाताशी असावे. आणि ज्येष्ठांनी स्वतः स्टुलावर चढून डाग न्याहाळण्याचा मोह टाळावा. या वयात पडण्याने झालेली इजा दीर्घकाळ पुरते.

पुढील पावसाळ्यात पहिल्या मोठ्या सरीनंतर त्या जागेकडे पुन्हा पाहावे. छत कोरडे राहिले, तरच काम पुरे झाले.