बादलीतले पाणी आणि बारामतीचे पटेल

गेल्या मे महिन्यात वाघोलीच्या आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये, मुलाने स्वतः जुळवलेले लेसर यंत्र एकाएकी मंदावले. सकाळी तीन मिलिमीटरचा एमडीएफ आरपार कापणारा किरण दुपारी नुसता काळा ओरखडा काढू लागला. चांगली नोकरी सोडून त्याने हा उद्योग मांडलेला. दोनशे लग्नपत्रिकांची लाकडी पाने चार दिवसांत द्यायची होती, आणि मुहूर्त काही कारागिराची सवड पाहत नाही!

यंत्र घरगुतीच. लोखंडी चौकट, बुधवार पेठेतून आणलेल्या मोटारी आणि चाळीस वॅटची कार्बन डायऑक्साइड वायूची काचेची नळी. "बाबा, करंट वाढवू का?" त्याने विचारले. मी त्याचा हात धरला. जन्मभर मोटारी गुंडाळलेल्या माणसाला एवढे कळते, की दमलेल्या बैलाला चाबूक मारून नांगरट होत नसते. वाढीव करंटने नळीचे आयुष्य तेवढे घटते. आधी मोजू, असे ठरले.

पण मोजायचे कशाने? या किरणाची तरंगलांबी 10.6 मायक्रॉन. तो डोळ्याला दिसत नाही, डोळा घालवू मात्र शकतो. त्याचे वॅट मोजणारे मीटर आमच्या खिशाबाहेरचे. मग ॲल्युमिनियमचा 200 ग्रॅमचा ठोकळा काळा रंगवला, भोक पाडून त्यात तापमापक खोवला आणि संरक्षक चष्मे लावून वीस सेकंद किरण त्यावर धरला. एक ग्रॅम ॲल्युमिनियम एक अंशाने तापायला 0.9 ज्यूल लागतात. म्हणजे आमच्या ठोकळ्याचा एक अंश 180 ज्यूलचा. भिंगाखाली तो 1.6 अंश तापला : 14 वॅट. नळीच्या तोंडाशी 2.6 अंश : 23 वॅट.

नऊ वॅट वाटेतच गडप! आरशांवर खडीच्या गाड्यांची धूळ बसली होती, ती पुसली. पण नळीच्या तोंडाशीच 23, त्याचे काय?

सहज बादलीत हात घातला. नळी थंड ठेवणारे बोअरचे पाणी 38 अंशांवर गेले होते. या नळीत नायट्रोजन आपली ऊर्जा कार्बन डायऑक्साइडच्या रेणूंना देतो. ते प्रकाश टाकून खालच्या पायरीवर येतात. ती पायरी झटपट रिकामी व्हायला हवी. त्या कामी हेलियम येतो आणि उष्णताही भिंतीकडे नेतो. वायू तापला, की पायरीवर गर्दी होते आणि किरण मलूल पडतो. हा लेसर 1964 मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत बनवणारे कुमार पटेल जन्माने बारामतीचे, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे विद्यार्थी. त्यांच्या शोधाची नाडी आम्हाला वाघोलीत, प्लॅस्टिकच्या बादलीत सापडावी!

बोअरचे पाणी काढून बॅटरीच्या दुकानातले डिस्टिल्ड पाणी भरले आणि त्यात बर्फाच्या बंद बाटल्या सोडल्या. फार गार करून चालत नाही. काचेवर दव धरते, आणि तिथे हजारो व्होल्ट असतात. 20 अंशांवर पुन्हा ठोकळा धरला : 3.6 अंश, म्हणजे 32 वॅट.

पत्रिका वेळेत गेल्या. बाटल्या अजून फ्रीझरमध्येच आहेत, आणि मटार कुठे ठेवायचे हा आमच्या घरातला प्रश्न सुटलेला नाही.