निरंक

३१ मार्च १९२७ हा दिवस अलिबागच्या सरकारी खजिन्यात कसा गेला, हे कुणी लिहून ठेवलेले नाही. ट्रेझरीचे शिरस्ते, त्या वर्षीचा कायदा आणि समुद्राची वेळ हाताशी धरून तो इथे मांडला आहे. माणसे कल्पनेतली, म्हणून बिननावाची. दर, नाणी आणि तारखा मात्र खऱ्या.

सकाळी ७

गुरुवार. अमावास्या दोन दिवसांवर, पाडवा तोंडावर. कारकून विहिरीवर आंघोळ उरकतो आणि भाताची पेज पिऊन निघतो. रोजच्यापेक्षा लवकर, कारण आज वर्षअखेर. सरकारचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते. १८६७ पर्यंत ते १ मेपासून धरत. पंचांगातले वर्ष रविवारी बदलेल, सरकारचे आज रात्रीच. घरात गुढीच्या काठीची बोलणी चालली आहेत आणि याच्या डोक्यात वर्षाच्या हिशेबाच्या तेरजा.

सकाळी १०

खजिन्याची खोली उघडते. दाराला दोन कुलुपे. एक किल्ली हुजूर डेप्युटी कलेक्टरांकडे, दुसरी खजिनदाराकडे. एकट्याने कुणी उघडू नये म्हणून ही व्यवस्था. पोलिसाचा पहारा बाहेर, आत लाकडी पेट्या आणि गोणपाटाच्या थैल्या. रुपया बरोबर एक तोळ्याचा, १८० ग्रेन. म्हणजे हजार रुपयांची थैली साडेबारा शेर भरते. मोजायला वेळ नसला तर तराजू सांगतो. खेड्यातल्या दुकानदाराकडे वजन नसले तर तोही रुपयाच पारड्यात टाकतो.

रुपयाच्या वजनाबद्दल असा कुणाला संशय नाही. किमतीचे मात्र वेगळे. १८९३ साली सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या. तेव्हापासून नाण्यातली चांदी एक बोलते आणि नाणे दुसरे. आज रुपयातली चांदी बाजारात विकली तर आठ-नऊ आणे येतील. उरलेले सात-आठ आणे सरकारच्या शब्दाचे.

सकाळी ११

खिडकी उघडते. चलने येऊ लागतात. शेतसाऱ्याचा उरलेला हप्ता, अबकारी, स्टँप, पेण-उरणकडच्या मिठाचा कर. मिठावर मणाला सव्वा रुपया. कारकून चलनाच्या दोन्ही प्रतींवर शिक्का मारतो, एक पक्षकाराला देतो.

रक्कम एकाच पेटीत पडते, पण कागदावर तिच्या दोन वाटा होतात. १९२१ च्या सुधारणांपासून शेतसारा आणि अबकारी मुंबई सरकारची, मीठ आणि इन्कमटॅक्स हिंदुस्थान सरकारचे. शिल्लक मात्र दोघांची एकत्र. सरकारे दोन, थैली एक. नवा उमेदवार गोंधळतो तेव्हा कारकून त्याला सांगतो, “अरे, घरात भाऊ वेगळे झाले तरी कणगी एकच असते ना? तसंच हे. कुणाचे किती, ते वहीत.”

पलीकडे म्हातारे श्रॉफ फरशीवर रुपया वाजवून बघत असतात. बद्द वाजला तर पुन्हा. खोटा निघाला तर कातरून ज्याचा त्याला परत. त्यांच्या पुढ्यात चिल्लर वेगळी लावलेली असते: चांदीच्या अधेल्या, निकेलच्या पावल्या, चौकोनी चवल्या, कंगोरेदार कडेचे आणे, तांब्याचे ढब्बू. एका कोपऱ्यात एक रुपयाच्या नोटांची मळकी चवड. चांदीची टंचाई झाली तेव्हा १९१७ साली त्या काढल्या, १९२६ पासून नव्या काढणे बंद झाले. कोळणीच्या कनवटीला राहून राहून एकेकीला मासळीचा वास लागला आहे.

दुपारी १

बिलांची झुंबड. ज्या खात्याला मंजुरी मिळाली आणि पैसा खर्च झाला नाही, त्याची मंजुरी आज मरते. म्हणून वर्षभर झोपलेली खाती आज जागी. कुणाला छप्पर शाकारल्याचे बिल हवे, कुणाला कपाटाचे. एका बिलावर सही आहे पण तारीख नाही, दुसऱ्यावर रक्कम आकड्यात एक आणि अक्षरी दुसरीच. कारकून दोन्ही परत करतो. शिपाई कळवळतो, “रावसाहेब, साहेब मला खातील हो!” “मग त्यांना म्हणावं, आधी बिल नीट लिहा.”

दुपारी २

डबा. धरमतरच्या वाटेने मुंबईची डाक आली आहे, पण बोलणे महाडचेच. महाड याच जिल्ह्यातले, तिथला तालुका खजिना याच खजिन्याला हिशेब देतो. बाराच दिवसांपूर्वी, १९ आणि २० मार्चला, तिथे परिषद झाली आणि डॉ. आंबेडकरांबरोबर माणसे चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्यायली. डब्याभोवती मते दोन. एकजण म्हणतो, तळे सर्वांना खुले असा नगरपालिकेचा ठराव होता, मग बिघडले काय? दुसरा गप्प राहून ताकाचा पेला पुढे ओढतो.

याच आंबेडकरांनी १९२३ साली लंडनमधून रुपयाच्या प्रश्नावर जाडजूड पुस्तक छापले आहे, आणि १९२५ साली चलनाच्या रॉयल कमिशनपुढे साक्ष दिली आहे, हे बोलण्यात येत नाही. रुपये किती काढायचे हे सरकारच्या मर्जीवर सोडू नये, हा त्या पुस्तकाचा गाभा. दिवसभर रुपये मोजणाऱ्या कचेरीत चर्चा तळ्याची होते, पुस्तकाची नाही.

दुपारी ३

खिडकीशी रेवदंड्याकडचा एक खलाशी. कनवटीची गाठ सोडतो, फडक्याची घडी उलगडतो आणि घोडेस्वाराच्या छापाची गिनी पुढे सरकवतो.

“काय मिळंल?”

“दहा रुपये.”

“दहा? सोनार तेरा-साडेतेरा देतो!”

श्रॉफ चष्म्यावरून पाहतात. “कायद्याने आज दहाच, बाबा. उद्या ये. उद्यापासून तेरा रुपये पाच आणे चार पै.”

“एका रात्रीत सोनं वाढलं?”

“सोनं आहे तेवढंच आहे. रुपया हलला.”

हे म्हाताऱ्याने एका वाक्यात सांगितले. दिल्लीला यासाठी महिनाभर भांडण चालले. १८९९ पासून गिनीचे पंधरा रुपये, म्हणजे रुपयाला १६ पेन्स. १९२० साली सरकारने रुपया दोन शिलिंगांचा ठरवला आणि गिनी कायद्याने दहाची झाली. बाजाराने तो दर मानला नाही, कायद्यात मात्र तो राहिला. आता त्याच रॉयल कमिशनने, म्हणजे हिल्टन यंग कमिशनने, १८ पेन्स सुचवले. कमिशनमध्येच पुरुषोत्तमदास ठाकूरदासांनी वेगळे मत लिहिले की १६ पेन्सच ठेवा. कायदेमंडळात १८ पेन्स जेमतेम तीन मतांनी निभावले. उद्यापासून तीन गिन्न्यांचे चाळीस रुपये.

खलाशी गिनी पुन्हा फडक्यात बांधतो. “मग उद्याच येतो.”

दुपारी ४

ओहोटी. कुलाबा किल्ल्याकडे माणसे पायी जाताना दिसतात. कारकून खिडकीशी घाम पुसतो आणि सवयीने हिशेब करतो. विलायतेत एक पौंड पोचवायला सरकारला पंधरा रुपये लागत, आता तेरा-पाच-चार. तिथली पेन्शने, व्याज, लष्कराचा खर्च तेवढा स्वस्त. पण सकाळी सारा भरून गेलेल्या कुळाचा आकार रुपयात बांधलेला. सावकाराचे देणेही रुपयात. रुपया महाग झाला आणि भाताचा भाव उतरला, तर तेवढ्याच रुपयांसाठी भात जास्त घालावे लागणार. त्याच्या पावतीवर यातले काही उमटत नाही. चौदा रुपये भरले, चौदा जमा.

सायंकाळी ६

खिडकी बंद. रोजकीर्द ओढायची. जमेची बेरीज, खर्चाची बेरीज, कालची शिल्लक, आजची शिल्लक. पहिल्यांदा चार आण्यांचा फरक येतो. उमेदवाराचा चेहरा पडतो. श्रॉफ निमूटपणे चिल्लर पुन्हा मोजतात, तर चवल्यांच्या ढिगात दोन जास्त. एका चलनावरचे चार आणे जमेला धरायचे राहिले होते. ताळा जमतो.

रात्री ९

कंदिलाच्या उजेडात शिल्लकेचा तक्ता. रुपये इतके, नोटा इतक्या, निकेल इतके, तांबे इतके. सगळ्यात वर रकाना सोन्याच्या नाण्यांचा. सात वर्षे गिनीचे कायद्याने दहाच रुपये, मग तेराचा माल दहाला सरकारात आणून कोण टाकणार? काल होते तेच कारकून आजही लिहितो: निरंक.

दोन किल्ल्या दोघांकडे जातात. पेट्या होत्या तशाच, थैल्या तेवढ्याच वजनाच्या, हिशेब पैपर्यंत बरोबर. तीन दिवसांनी मुंबईत आंबेडकरांच्या ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक निघेल. त्याआधी उद्या सकाळी अकराला तो खलाशी येईल, आणि या रकान्यात सात वर्षांत पहिल्यांदा आकडा पडेल: तेरा, पाच, चार. दहाच्या वरच्या त्या तीन रुपये पाच आणे चार पैंसाठी किर्दीत रकाना नाही.